जॅकवेल पात्रात उतरवण्याआधी नदीचा काठ तपासा: सांगली जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागास खुले पत्र

प्रति,
कार्यकारी अभियंता, ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, जिल्हा परिषद, सांगली
तसेच कृष्णा, वारणा आणि येरळाकाठच्या सर्व गावांच्या पाणीपुरवठा समित्या

सन्माननीय साहेब आणि समित्यांतील बंधूभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्याचे कारण एकच आहे. नदीकाठच्या गावाची पाणीयोजना म्हटली की आपल्याकडे पाणी थेट पात्रातून उचलायचे, हे जणू ठरलेले आहे. जॅकवेल (पंपासाठी पात्रात बांधलेली विहीर), पंप, तिथून शुद्धीकरण केंद्र, तुरटी, फिल्टर, क्लोरीन आणि मग टाकी. जिथे केंद्र नाही तिथे नदीतून टाकीत आणि टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. माझी विनंती अशी की, नव्या योजनेचा आराखडा करताना आणि जुन्या योजनेच्या दुरुस्तीवर पैसा घालताना आधी काठावर बोअर घ्या आणि खाली काय आहे ते पाहा. जिथे वाळूगोट्यांचा पुरेसा जाड थर लागेल, तिथे पात्रात उतरू नका. काठावर, पाण्यापासून काही अंतर राखून विहीर घ्या आणि नदीचे पाणी जमिनीखालून मुरत त्या विहिरीत येऊ द्या. मग तो काठ, ती वाळू आणि वरची झाडी यांना योजनेचाच भाग समजून राखा.

माणदेशातल्या बायकांना हे नवे नाही. उन्हाळ्यात माणगंगेच्या वाळूत झिरा उकरायचा, गढूळ पाणी दोन-तीनदा उपसून टाकायचे आणि मग वाटीने घागर भरायची. शेजारच्या डबक्यावर शेवाळ धरलेले असताना झिऱ्यातले पाणी नितळ असते, हे त्यांना कोणा अभियंत्याने सांगावे लागले नाही. तीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर करणारी शहरे जगात दोनशे वर्षांपासून आहेत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या पाणी कंपनीने 1810 मध्ये क्लाइड नदीला समांतर असा छिद्रांचा पाइप काठात पुरला होता. जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या ड्युसेलडॉर्फने 1870च्या सुमारास आणि एल्बेकाठच्या ड्रेस्डेनने 1875 पासून काठावरून पाणी घ्यायला सुरुवात केली. बुडापेस्टचे जवळपास सगळे पिण्याचे पाणी डॅन्यूबच्या काठच्या आणि बेटांवरच्या विहिरींतून येते. बर्लिनचाही मोठा आधार काठाखालून मुरलेले पाणी हाच आहे.

आपल्याच देशातले उदाहरण पाहायचे तर हरिद्वारला जावे. गंगेच्या काठाने आणि पंतद्वीप बेटावर तिथे मोठ्या व्यासाच्या 22 विहिरी आहेत. खोली जेमतेम 7 ते 10 मीटर. पाणी तळातून येते, वर फक्त क्लोरीनची मात्रा दिली जाते आणि गावात सोडले जाते. कुंभमेळ्याच्या गर्दीतही या विहिरी चालतात. नैनितालला 1990च्या दशकापासून तलावातून थेट पाणी घेण्याऐवजी तलावाच्या काठच्या बोअरमधून घेणे वाढत गेले. हरिद्वारची विहीर आणि आपल्या गावची बांधीव विहीर यांत बांधकामाचा फारसा फरक नाही. अशी विहीर आपल्याकडचे गवंडी डोळे मिटून बांधतील. फरक आहे तो जागेच्या निवडीत आणि विहिरीभोवतीची जमीन सांभाळण्यात.

आता काठाखाली नेमके काय घडते, ते जरा सविस्तर सांगते. समितीच्या बैठकीत हा विषय निघाला की, ‘वाळूतून गाळून काय होणार, जंतू थोडेच अडकतात?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि प्रश्न रास्त आहे. फडक्यातून गाळ अडतो, जंतू अडत नाहीत. काठ मात्र फडक्यासारखा नुसता गाळत नाही. नदीच्या तळाशी, पाणी जिथे वाळूत शिरते तिथे, काही सेंटीमीटर जाडीचा एक जिवंत थर तयार होतो. त्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि ते पाण्यातला सेंद्रिय मळ खातात. आजारांचे जंतू वाळूच्या कणांना चिकटतात. तिथे त्यांना वाढायला ऊब नाही, अन्न नाही, शिवाय त्यांना खाणारे इतर जीव आहेत. दिवस जातील तसे ते मरतात. म्हणून खरे महत्त्व वेळेला आहे. जर्मनीत पाणी विहिरीत पोहोचायला जिथून 50 दिवस लागतात ती रेषा आखून तिच्या आतला भाग राखीव ठेवतात, कारण एवढ्या काळात रोगजंतूंचा जोर बहुतेक संपतो, असा तिथला जुना अनुभव आहे. मध्यम वाळूतून पाणी दिवसाला मीटरभर सरकते असे धरले, तर नदीपासून 60 मीटरवरच्या विहिरीत ते दोन महिन्यांनी पोहोचेल. नेदरलँड्समध्ये अॅमस्टरडॅमसाठी 1957 पासून ऱ्हाइनचे पाणी आणून समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांत मुरवतात आणि दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढतात, ते याच हिशेबाने.

क्लोरीनला दाद न देणाऱ्या जंतूंसाठी तर काठ फारच मोलाचा आहे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी आपल्या नेहमीच्या टीसीएलच्या मात्रेने मरत नाही. 1993 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तलावाचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत असूनही याच परजीवीने सुमारे चार लाख माणसे आजारी पडली. त्यानंतर त्या देशाने 2006 मध्ये जो नियम केला, त्यात काठावरच्या विहिरीला रीतसर मान दिला आहे. नदीपासून किमान 50 फूट अंतर असेल तर हा परजीवी दहापट कमी होतो, असे धरायला परवानगी आहे. हा नियम मुद्दाम सांगते आहे, कारण त्यातली एक अट सांगली जिल्ह्यासाठी फार महत्त्वाची आहे. ही सूट फक्त सुट्या, वाळूसारख्या थरातल्या विहिरीला मिळते. भेगाळ खडकातल्या विहिरीला ती नाही.

आपला जिल्हा बसाल्टचा. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगा पडलेला खडक आणि त्याखाली काळा पाषाण. नदीचा गाळ फक्त काठाच्या अरुंद पट्ट्यात आणि त्यातही पुष्कळ ठिकाणी चिकण. बसाल्टच्या भेगेतून पाणी गाळले जात नाही, ते नुसते धावते. अशा भेगेवर बसलेली विहीर नदीपासून दूर असली तरी पुराचे गढूळ पाणी तिच्यात चोवीस तासांत येऊ शकते. उलट निव्वळ चिकण मातीत विहीर घेतली तर पाणी स्वच्छ मिळेल, पण पुरेसे मिळणार नाही. म्हणून ‘काठावर विहीर घ्या’ असा सरसकट आदेश काढू नये, अशीही माझी विनंती आहे. प्रत्येक जागी दोन-तीन चाचणी बोअर घेऊन थरांची नोंद करावी, पंप चालवून पाहावा आणि मगच ठरवावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे भूवैज्ञानिक आहेत. योजनेत त्यांना बोलावले जाते ते बहुधा पाणी किती लागेल हे विचारायला. पाणी किती गाळून येईल, हेही त्यांना विचारा. नदीने जिथे वळण घेतले आहे आणि आतल्या बाजूला वाळू टाकली आहे, जिथे ओढा नदीला मिळतो, जिथे जुने पात्र बुजले आहे, अशा जागा गावातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतात. भूवैज्ञानिकाच्या सोबतीला अशी दोन माणसे द्या.

आणखी एक गोष्ट जागेवर जाऊन बघण्यासारखी आहे. अनेक गावांत काठावर विहीर आहे, पण तिला पात्रातून पाइप किंवा चारी जोडलेली आहे. उन्हाळ्यात पाणी कमी पडले म्हणून कधीतरी जोडली आणि मग तशीच राहिली. अशी विहीर कागदावर विहीर असते, पाणी मात्र सरळ नदीचेच येते. पाणी वाढवायचे असेल तर तळातून वाळूच्या थरात आडवे छिद्रांचे पाइप टाकता येतात. थेट चारी जोडली की दोन महिन्यांचा प्रवास दोन मिनिटांवर येतो.

आता या जिल्ह्यापुरता सर्वांत अवघड मुद्दा, म्हणजे ऊस. काठावरची विहीर एका बाजूने नदीचे पाणी ओढते आणि दुसऱ्या बाजूने शेताखालचे. आडसाली उसाला विद्यापीठाची शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 160 किलो. सगळे युरियातून दिले तर 45 किलोच्या जवळपास आठ गोण्या. त्यातले पिकाने घेतले ते घेतले, उरलेल्यातले बरेच पाटपाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली उतरते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, टीसीएलने जात नाही, पाण्याला रंग नाही की वास नाही. वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करते. गावातल्या बाळाचे दूध ज्या पाण्यात कालवतात ते पाणी उसाच्या मुळाखालून येत असेल, तर गाळून काय उपयोग?

सुदैवाने जमिनीकडे याचाही उपाय आहे. जिथे प्राणवायू संपलेला आहे आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर आहे, अशा ओल्या थरात काही जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नत्रवायू हवेत सोडून देतात. नदीकाठची झाडी असलेली जमीन नेमकी अशी असते. अमेरिकेत मेरीलँडमध्ये 1980च्या दशकात झालेल्या अभ्यासात, मक्याच्या शेतातून झिरपणारे बरेचसे नायट्रेट काठच्या जंगलाच्या अरुंद पट्ट्यातच नाहीसे होताना दिसले होते. आपल्या काठावर करंज, वाळुंज, उंबर होते ते तोडून पार पाण्याच्या कडेपर्यंत ऊस नेला, तेव्हा आपण हा पट्टा गमावला. तो निदान पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती तरी परत आणायला हवा. शेतकऱ्याला फुकट सोडायला सांगू नका. ऊस हेच त्याचे घर चालवते. त्या पट्ट्याचे भाडे किंवा मोबदला योजनेच्या खर्चात धरा. फिल्टरची वाळू बदलायला पैसे धरतो, तसेच हे.

याला जोडूनच एक सूचना. वाळवा, मिरज, पलूस भागात क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केला जातो. काम चांगलेच आहे, पडीक रान पुन्हा पिकते. पण त्या पाइपांतून निघणारे पाणी क्षारांसोबत नायट्रेटही घेऊन ओढ्यात आणि पुढे नदीत जाते. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अशाच निचऱ्याच्या पाइपांच्या तोंडाशी चर खणून त्यात लाकडाचे तुकडे भरतात. पाणी त्या चरातून हळूहळू जाते, लाकडावरचे जिवाणू नायट्रेट मोडतात. वीज नाही, रसायन नाही, आणि भरलेले लाकूड कित्येक वर्षे टिकते. क्षार याने जाणार नाहीत, हे आधीच सांगते. नायट्रेटसाठी मात्र निचऱ्याच्या एका नव्या प्रकल्पावर असा चर करून बघायला काय हरकत आहे? कृषी विभाग आणि पाणीपुरवठा विभाग एका टेबलावर बसले तरच हे होईल.

काठ सगळे काही सहन करेल, असाही समज नको. नदीत सांडपाणी आणि मळीचे पाणी सोडत राहिलो, तर ते मोडता मोडता काठाखालचा प्राणवायू संपतो. मग नायट्रेट संपते आणि त्यानंतर खडकमातीतले मँगनीज आणि लोह विरघळू लागते. बसाल्टच्या मुलखात या दोन्हींना तोटा नाही. विहिरीतून काढले तेव्हा स्वच्छ दिसणारे पाणी घागरीत तासाभराने पिवळट होते, भांड्यांवर काळे-तपकिरी डाग पडतात. दिल्लीत यमुनेकाठच्या काही विहिरींत अमोनियम येते, ते यमुना किती मळली आहे याचेच फळ. सांगलीत शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळते हा प्रश्न आपण वर्षानुवर्षे ऐकतो आहोत. काठावरून पाणी घ्यायचे ठरवले म्हणून तो प्रश्न मागे टाकता येणार नाही. उलट जागा निवडताना नाला, गटार, स्मशानभूमी, उकिरडा यांच्या वरच्या अंगालाच विहीर हवी.

पुराबद्दलही बोलायला हवे. 2005, 2019 आणि 2021 आपण पाहिले आहे. पूर आला की नदी आणि विहीर यांच्या पातळीतला फरक वाढतो, पाणी जोराने आत येते आणि मुरण्याचा काळ घटतो. त्या दिवसांत क्लोरीनची मात्रा वाढवणे भागच आहे. विहिरीचे तोंड पुराच्या रेषेच्या वर, पक्के बंद आणि भोवती चिकण मातीचा किंवा सिमेंटचा वेढा असल्याशिवाय ही पद्धत आपल्याकडे चालणार नाही. तोंडातून एकदा पूर आत शिरला की महिनाभर उपसा करावा लागतो. पण दुसरीकडे पाहा, पावसाळ्यात पात्रातले पाणी चिखलाच्या रंगाचे असते, तुरटी कितीही टाकली तरी फिल्टर दिवसातून अनेकदा धुवावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. काठाखालून आलेले पाणी त्या दिवसांतही बरेच नितळ असते, हा याचा सगळ्यांत मोठा फायदा आहे. पूर तळावरचा गाळ खरवडून नेतो, तेही उपकारकच. बंधाऱ्यांमागे उन्हाळाभर पाणी तुंबून तळ चोंदतो. पावसाळ्यात बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) निघाले आणि नदी वाहू लागली की तो मोकळा होतो.

विहिरीचे पाणी म्हणजे आपोआप शुद्ध, असे मात्र कोणीही समजू नये. 2025च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा दूषित पाण्याचा संशय पुढे आला, आणि रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा पोटाचा जिवाणू सापडला. टीसीएल, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का हे पाहणारी रोजची ओटी चाचणी, शेवटच्या नळाला क्लोरीन पोहोचते की नाही याची नोंद, हे सगळे तसेच चालू राहायला हवे. काठ ओझे कमी करतो. जलसुरक्षकाची सुट्टी करत नाही.

वाळूविषयी लिहिताना मला राग आवरत नाही. वाळू उपसली की पाणी साठवणारा थर जातो आणि गाळणाराही थर जातो, दोन्ही एकदमच. जिथे दहा फूट वाळू होती तिथे आज उघडा खडक आहे. ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन सांगण्याची गरज नाही. खानापूर तालुक्यात येरळेच्या पात्रातली वाळू ठेकेदार नेतात आणि काठच्या विहिरी आटतात, हे बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी 1980च्या दशकात ओळखले होते. ते त्याविरुद्ध उभे राहिले, मोजकीच वाळू स्वतः विकून पैसा उभा केला आणि बळीराजा स्मृती धरण बांधले. सार्वजनिक पाणीस्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेऊ नये, असे आपला 1993चा भूजल कायदा सांगत होता. नदीच्या वाळूलाही तेवढाच मान मिळाला पाहिजे. पाणीपुरवठ्याच्या विहिरीच्या वर आणि खाली ठरावीक अंतरात एक घमेलेही उचलले जाऊ नये, असा ठराव ग्रामसभांनी करावा आणि तहसील कार्यालयाने तो पाळून घ्यावा.

खर्चाचे आकडे मी देत नाही, ते काम आपल्या विभागाचे. एवढेच म्हणते की तुलना करताना फक्त बांधकामाचा खर्च धरू नका. वीस वर्षांची तुरटी, फिल्टर धुण्यात जाणारे पाणी, बंद पडलेले केंद्र चालवायला माणूस न मिळाल्याने गेलेले महिने, आणि त्या काळात घराघरांत आलेले वीस लिटरचे जार, हे सगळे धरा. लहान ग्रामपंचायतीला पाणीपट्टीतून शुद्धीकरण केंद्र चालवणे किती जड जाते, हे समितीत बसणारा प्रत्येक जण जाणतो. जिथे क्षार किंवा नायट्रेट आधीच जास्त आहे तिथे आरओ लागेल, त्याला माझा विरोध नाही. नदीकाठच्या गावाला मात्र आधी काठ तपासण्याचा हक्क आहे.

सुरुवात म्हणून आपण कृष्णाकाठी एक आणि वारणाकाठी एक अशी दोनच गावे घ्यावीत. चाचणी बोअर, मग एक विहीर, आणि वर्षभर दर महिन्याला नदी आणि विहीर दोन्हींचे नमुने एकाच दिवशी. गढूळपणा, ई-कोलाय, नायट्रेट, लोह, मँगनीज, क्षार. पुराच्या दिवसांत दर आठवड्याला. निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. एखाद्या जागी जमले नाही तर तेही जिल्ह्याच्या उपयोगाचेच ज्ञान आहे.

आमचे गाव पलूस तालुक्यात, नदीच्या आतल्या वळणावर आहे. ग्रामपंचायतीच्या मालकीची काठालगत थोडी गायरान जमीन आहे, तिच्यात जुन्या लोकांच्या सांगण्याप्रमाणे खाली वाळू लागते. चाचणी बोअरसाठी ती जागा द्यायला समितीतले आम्ही सगळे तयार आहोत, दर महिन्याला नमुने भरून प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे कामही करू. पावसाळ्यात तिथे गाडी जात नाही. त्यामुळे भूवैज्ञानिकांना मे अखेरच्या आत पाठवावे आणि तारीख आठवडाभर आधी कळवावी, म्हणजे रस्ता साफ करून ठेवता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
पाणीपुरवठा समितीची एक सदस्य
कृष्णाकाठ, ता. पलूस, जि. सांगली